चतुर्दशीचं मौन

"पाणी ज्या विहिरीचं, जिवाणी त्याच विहिरीत. हात कितीबी दुखू दे, पाव्हणं कितीबी दारात असू दे. गाळलं की आदी परत सोडून यायचं, मग चूल."

सासूबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तरी रोज उजाडता उजाडता कळशीच्या तोंडाला दुहेरी कापड बांधताना राजमतीच्या कानात त्यांचा आवाज यायचाच. पाणी गाळल्यावर कापडावर जे उरतं, डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, ते गाळलेल्याच पाण्यानं लहान तांब्यात उतरवायचे आणि तांब्या दोरीनं विहिरीत सोडायचा. तांब्याच्या बुडाला कडी अशी बसवलेली, की पाण्याला टेकल्याशिवाय तो उलटा होत नाही. उंचावरून पडून एकाही जिवाला इजा व्हायला नको. हीच जिवाणी. नळाचं पाणी प्यायचं नाही, विहिरीचंच गाळून प्यायचं, हे राजमतीचं व्रत लग्नाच्या वर्षापासूनचं.

त्या सकाळी ती विहिरीवर गेली आणि पाहते तर कप्पी जागेवर नव्हती.

दोन दगडी खांब होते, त्यांच्यावरची आडवी लाकडी तुळई होती, पण कप्पी कुणीतरी स्क्रू काढून नेली होती. चोरानं ओढून तोडल्यासारखं काही नव्हतं. सावकाश, पान्यानं फिरवून काढलेलं काम. राजमतीनं दोरी दगडाच्या काठावरून सोडली, हातानंच कळशी ओढली. पाणी गाळलं, जिवाणी परत सोडली, आणि मग काठावर टेकून तिनं तळहात बघितले. दोरीचे वळ उठले होते.

निपाणीच्या त्या गल्लीत, विहिरीच्या अंगाला असलेल्या या दोन खोल्यांत ती चौतीस वर्षं भाड्यानं राहत होती. नवरा बाबगोंडा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होता. तो वारल्यावर ती ब्लाउज शिवायची आणि संध्याकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, लहान मुलांना णमोकार मंत्र आणि पाठ शिकवायची. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या दोन खोल्यांत बँकेतला श्रेयस आणि त्याची बायको अबोली राहत होती, ती गेल्या महिन्यात निघून गेली. जाताना अबोली एवढंच म्हणाली की काकू, तुम्हीपण बघा कुठंतरी. का ते सांगितलं नाही. ती दोघं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि त्या खोल्यांची दारं चौकटीसकट काढून नेली. तेव्हापासून अंगणातून जाताना ती दोन काळी भोकं राजमतीकडं बघत असायची.

मग नोटीस आली. पाकिटातून, वकिलाच्या शिक्क्याची, कन्नडमध्ये. राजमतीला कन्नड बोलता येत होतं, बसच्या पाट्या वाचता येत होत्या, पण हे कन्नड निराळंच होतं, कोर्टातलं. अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. शेवटी किराणा दुकानातल्या नागेंद्रनं वाचून सांगितलं की पंधरा दिवसांत घर मोकळं करून द्या असं म्हटलंय. पंधरावा दिवस कुठला ते तिनं बोटांवर मोजलं. भाद्रपदातल्या पुनवेच्या दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा. क्षमावणीचा दिवस. दहा दिवसांचं उपासांचं पर्व संपलं की त्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागायचे.

घरमालक अभिनंदन काही परका नव्हता. याच अंगणात तो रांगला होता. त्याची आई आक्काताई आणि राजमती पंधरा वर्षं एकाच कप्पीवर पाणी ओढत होत्या, एकीची कळशी वर आली की दुसरीची खाली. आता तो आईला घेऊन अकोळ रोडला बंगल्यात राहत होता आणि इथं त्याला दुकानांचे गाळे काढायचे होते. नोटिशीनंतर दोन दिवसांनी तो स्वतः आला. चप्पल दाराबाहेर काढली, पाया पडला आणि हसून म्हणाला, "काकू, घाई काय न्हाय. पर्व हाय, निवांत उपास-तापास करा. मला पाप नको लागायला."

त्याच्या दुसऱ्या दिवशी बोळातला दिवा गेला. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरावरची आठ कौलं कमी झाली. चौथ्या दिवशी कप्पी.

रोज एक. पर्वातल्या नेमासारखं.

गल्लीच्या तोंडाला राहणारी राजाबाई विड्या वळायची. जिभेला हाड नसलेली बाई. ती म्हणाली, "अगं, ह्यो तुला हाकलत न्हाय, सोलतोय. कांदा सोलल्यागत. तू आपली बस गाळत पाणी." आणि मग आवाज खाली आणून तिनं बेळगावच्या एका वकीलबाईचं नाव सांगितलं. विड्या वळणाऱ्या बायकांची केस तिनं चालवली होती.

राजमती सकाळच्या बसनं बेळगावला गेली. दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवायचं होतं, म्हणून ती ऑफिस उघडायच्या आधीच कॅम्प भागातल्या वकीलबाईच्या जिन्यावर जाऊन बसली. वकीलबाईचं नाव विद्युल्लता. चाळिशीची, बारीक, भरभर बोलणारी. तिनं नोटीस वाचली, उलटी करून पाठ बघितली आणि टेबलावर ठेवली. राजमतीला वाटलं होतं की ती काहीतरी भयंकर सांगेल. तिनं पहिल्यांदा पाणी विचारलं. राजमतीनं आपल्याजवळचं तांब्यातलं पाणी दाखवलं, तेव्हा ती जरा हसली.

मग तिनं नीट समजावून सांगितलं. नोटीस म्हणजे घरमालकाचं पत्र. तो हुकूम नव्हे. पंधरा दिवस झाले म्हणून सोळाव्या दिवशी कुणी तुमचं सामान बाहेर काढू शकत नाही. त्यासाठी त्याला कोर्टात दावा लावावा लागतो, कारण सांगावं लागतं, आणि कोर्ट तुमचं ऐकून मगच काय ते ठरवतं. तोवर पाणी, वीज, वाट यातलं काही तोडायचा त्याला अधिकार नाही. विहीर तुमच्या भाड्यात धरलेलीच आहे, चौतीस वर्षांची वहिवाट आहे. भाडं तो हातात घेत नसेल तर बँकेतून त्याच्या खात्यावर भरा, एक महिना चुकवू नका. आणि मी आजच उत्तर लिहिते, ते पोस्टानं पोचपावतीसह जाईल.

"मग भ्यायचं कशाला?" राजमतीनं विचारलं.

विद्युल्लतानं नोटीस तिच्यापुढं सरकवली. "कारण त्याला हे सगळं माहीत आहे, राजमतीताई. तो कोर्टात जाणारच नाही. तुम्ही आपणहून गेलात असं त्याला दाखवायचंय. राजीखुशीनं घर सोडलं की भांडायला काही उरत नाही. तेव्हा कागदावर सही नाही, अंगठा नाही. घर रिकामं सोडून जास्त वेळ बाहेर राहायचं नाही. आणि तो काही म्हणाला की तोंडावर सांगायचं, मी जाणार नाही. गप्प बसायचं नाही. एवढं जमेल?"

राजमतीनं मान हलवली. अनंत चतुर्दशीला आपलं सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत मौन असतं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण व्रताची गोष्ट अशी टेबलावर मांडायची तिला सवय नव्हती. व्रत सांगत फिरलं की त्याचं मोल कमी होतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती नमस्कार करून उठली.

हीच तिची चूक झाली. जी गोष्ट तिनं आपल्या वकिलाला सांगितली नाही, ती अभिनंदनला लहानपणापासून ठाऊक होती.

चतुर्दशीला तो अकराच्या सुमाराला आला. बरोबर दोन माणसं होती. एक परशराम, त्याच्या जमिनींचे व्यवहार बघणारा, आणि एक अनोळखी. राजमती उंबऱ्याच्या आत पाटावर जप करत बसली होती. निर्जळी उपवास होता. अनोळखी माणसानं मोबाइल छातीशी आडवा धरला, तेव्हा तिला आधी काही उमगलंच नाही.

अभिनंदन तिच्यासमोर मांडी घालून बसला. अगदी प्रवचनाला बसल्यासारखा. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत तो बोलू लागला.

"काकू, आपलं ठरल्याप्रमाणं प्रतिपदेला तुम्ही दोन्ही खोल्या राजीखुशीनं मोकळ्या करून देणार. माझी तुमच्यावर काय बळजबरी न्हाय. तुमची काय हरकत असंल तर आत्ता सांगा."

तो थांबला. मोबाइलवर चित्रीकरण चालूच होतं. अंगणात कुठंतरी चिमण्या भांडत होत्या.

राजमतीच्या घशात शब्द आला. न्हाय. एवढाच. दोन अक्षरं. जपाचा मणी बोटांत तसाच राहिला. तीस वर्षांचं मौन एका शब्दानं मोडलं असतं आणि प्रायश्चित्त घेऊन भरूनही आलं असतं, हे तिला कळत होतं. पण समोरचा माणूस ते व्रत मोडायला बसला आहे आणि न मोडलं तरी त्याचंच साधतं आहे, हे एवढं थंडपणे कुणी करू शकतं, यातच तिचं मन अडकून पडलं. तेवढ्यात त्यानं हात जोडले. डोळे मिटून, मान झुकवून म्हणाला, "उत्तम क्षमा, काकू."

आणि तिचे हात जोडले गेले.

ते तिनं जोडले नव्हते. दरवर्षीच्या पर्वात हजारदा जोडलेले हात, समोरून तो शब्द आला की आपोआप उठायचे. तिनं ते पटकन खाली घेतले, पण मोबाइलवाल्यानं मान डोलावली होती.

परशरामनं स्टँपपेपर आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. राजमतीनं दोन्ही हात पदराखाली घेतले, आणि नाही अशी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. मोबाइल तोवर खिशात गेला होता.

"असू दे, असू दे," अभिनंदन उठत म्हणाला. "हात जोडल्यात, तेवढं पुरं."

दुपारी विहिरीपासून चार पावलांवर एक ट्रक खडी आणि मुरूम ओतून गेला.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर राजमतीनं पारण्याआधी विद्युल्लताला फोन केला. सगळं सांगितलं, मौनाचंही. विद्युल्लता म्हणाली की हात जोडणं म्हणजे घर सोडणं नव्हे, कुठलंही कोर्ट तसं मानणार नाही. पण त्यानं ते कोर्टासाठी केलेलंच नाही. सामान रस्त्यावर टाकताना कुणी अडवलं, पोलीस आले, तर दाखवायला काहीतरी हातात हवं म्हणून केलंय. एकदा घर पाडलं, विहीर बुजवली की मग वर्षानुवर्षं भांडत बसा. ती म्हणाली की मी मनाई हुकमासाठी अर्ज तयार करते आहे, पण उद्या सुट्टी, परवा सकाळी तो लागेल. "तोवर घर सोडू नका. बस्तीतसुद्धा जाऊ नका. तुमच्या पाया पडून सांगते."

"न्हाय जाणार," राजमती म्हणाली.

त्याच संध्याकाळी, अजून ऊन होतं तेव्हा, आक्काताईचा फोन आला. त्यांच्या घरच्या मोलकरणीनं लावून दिला होता. म्हातारीचा आवाज आधीच बारीक, आता तो पार दोऱ्यासारखा झाला होता. ती आधी उपवासाचं विचारत राहिली, कसा गेला, चक्कर आली का. मग म्हणाली, "राजमती, उद्या येशील न्हवं गं? माझं पाय चालंनात. पंधरा वर्सं एका कप्पीवर पाणी वढलं आपण, किती येळा तुला टाकून बोलले आसंन. तुझी क्षमा घेटल्याबिगर मला जायाचं न्हाय."

"असं बोलू नका, आक्का."

"येशील का त्येवढं सांग. म्हातारीला नादाला लावू नगंस."

राजमतीनं डोळे मिटले. क्षमावणीला बोलावणं आलं आणि नाही म्हटलं, असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं, वैऱ्याच्या बाबतीतही नाही. आणि ही तर आक्का. "येते," ती म्हणाली. "उद्या नक्की येते."

"विहिरीला पाणी किती हाय गं औंदा?"

राजमती उत्तर द्यायला तोंड उघडणार एवढ्यात फोनमधून, आक्काताईच्या मागून, अभिनंदनचा आवाज आला. शांत, प्रेमळ. "येऊ दे की, येऊ दे. म्या गाडी पाठवतो काकूंना. निवांत बसा दिवसभर."

तिनं फोन ठेवला. दिवसभर. तो शब्द तिच्या अंगावरून गोमेसारखा चालत गेला.

रात्रभर नाही, पण झोप लागेपर्यंत तिनं दोन्ही बाजू तोलून बघितल्या. वकीलबाईला घर सोडणार नाही म्हणाले. आक्काला येते म्हणाले. एक शब्द पाळावा तर दुसरा मोडतो. आक्काला फोन करून सांगावं का, की तुमच्या लेकानं हे चालवलंय म्हणून येता येत नाही? क्षमावणीच्या दिवशी, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला, फोनवर? तिला ते जमणार नव्हतं. पण एक गोष्ट मात्र तिनं मनाशी पक्की केली. आक्काच्या समोर बसल्यावर म्हातारी पुन्हा विहिरीचं विचारणार. आणि विचारलं की राजमती खोटं बोलणार नव्हती; विहीर बुजवायला मुरूम येऊन पडलाय, हेच सांगणार होती. अभिनंदननं तिचं मौन हिशेबात धरलं होतं. ती बोलते तेव्हा काय बोलते, हे त्यानं धरलं नसावं.

प्रतिपदेला उजाडताच तिनं पाणी भरलं, गाळलं, जिवाणी सोडली. विहीर काठोकाठ होती. मुरमाच्या ढिगावर एक कुत्रं झोपलं होतं. नऊच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी ट्रक येऊन थांबला, रिकामा. त्यातून चारपाच माणसं उतरली आणि भिंतीच्या सावलीला ओळीनं बसली. त्यांच्याजवळ पहारी होत्या. कुणी आत आलं नाही. घर रिकामं व्हायची ती माणसं वाट बघत होती.

राजमती राजाबाईकडं गेली. काय हवं ते तिनं थोडक्यात सांगितलं. राजाबाईनं हातातली अर्धी विडी पूर्ण वळली, दोरा गुंडाळला, तोडला.

"म्हंजे मी तुझ्या घरात बसायचं."

"व्हय. आतनं कडी लावून. खिडकी उघडी ठेवायची. कोण काय म्हणालं तर सांगायचं, घर रिकामं न्हाय, राजमती इथंच राहती, चार तासांत येणार हाय. कागद दाखवला तर हात लावायचा न्हाय. लईच झालं तर ह्या नंबरला फोन."

"आणि माझं सूप? तंबाकू? आज हजार विड्या द्याच्या हायत मला. तुझ्या देवघरात तंबाकूचा वास चालंल व्हय गं तुला?"

राजमतीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "देवघराचं दार लावून घेते. तू पुढच्या सोप्यात बस."

"बाई, औंदा तुझा देव मला आपल्या दारात विड्या वळाय लावतोय," राजाबाई म्हणाली आणि सूप काखेत मारून निघाली.

कुणी हिसकावून घेऊ नये म्हणून राजमतीनं किल्ली तिच्या हातात दिली नाही, घरातही ठेवली नाही. विद्युल्लतानं पाठवलेल्या उत्तराची प्रत तिनं दारावर बाहेरून चिकटवली, एक मराठी, एक कन्नड. त्यावर पोस्टाच्या पोचपावतीची झेरॉक्स. मग विद्युल्लताला फोन लावला. तो उचलला नाही. तिनं मेसेज लिहायचा प्रयत्न केला. सावकाश, एकेक अक्षर शोधत. घरी राजाबाई हाय. मी शब्द दिलाय तिथं जाऊन येते. सही करणार न्हाय.

पांढरी गाडी दाराशी आलीच. चालवणारा साईराज नावाचा तरुण होता, अभिनंदनच्या साडूचा मुलगा. त्यानं मागचं दार उघडून धरलं आणि म्हणाला की साहेबांनी सांगितलंय, काकूंना जेवून-खाऊन संध्याकाळीच परत सोडायचं.

"तू जा बाळा," राजमती म्हणाली. "मी चालत येते."

"दोन किलोमीटर हाय, काकू. ऊन हाय."

"क्षमावणीच्या दिवशी मी गाडीत बसत न्हाय."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला ते सहज बोलता आलं. साईराजनं फोन काढला, कुणाला तरी लावला, हलक्या आवाजात काही बोलला आणि ऐकत राहिला. मग गाडीत बसला. गाडी मात्र गेली नाही.

राजमतीनं पायात काही घातलं नाही. पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावरून घेतला, पाण्याचा तांब्या पिशवीत ठेवला. आतून राजाबाईनं कडी लावल्याचा आवाज तिनं ऐकला, मग खिडकीच्या गजांमागं सूप टेकल्याचा. ती अंगणातून निघाली, दारं नसलेल्या खोल्यांवरून, ढिगावरच्या कुत्र्याजवळून.

भिंतीजवळची माणसं तिला बघून उठली. तिनं त्यांना हात जोडले. एकेकाकडं बघून, चौघांनाही, पाचव्यालाही. त्यांतल्या एकानं नकळत टोपी काढली आणि मग बरोबरच्यांकडं बघून पुन्हा घातली. कुणीतरी घड्याळ बघितलं.

गल्लीच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली, अकोळ रोड उजवीकडं. मागं ट्रकचं इंजिन सुरू झालं. राजाबाई आतून कुणालातरी काहीतरी बोलत होती, शब्द कळत नव्हते, आवाज मात्र चढा होता. राजमतीनं मनात णमोकार म्हणायला घेतला आणि उन्हात, रस्त्याच्या कडेनं, पायाखाली बघत आक्काताईच्या घराकडं चालू लागली.